एका रात्रीची ९६० पानं

१९५१ च्या डिसेंबरात शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की या संशोधक विद्यार्थ्यानं आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, प्रयोगशाळेत आणून झोपवलं. डोक्याला आणि डोळ्यांच्या कडांना तारा चिकटवल्या आणि स्वतः शेजारच्या खोलीत यंत्रापाशी बसला. यंत्र जुनंपुराणं, तळघराच्या अडगळीतून वर ओढून आणलेलं. कागद सरकत होता, शाईच्या लेखण्या रेषा काढत होत्या. मुलाचा डोळा लागला, रेषा संथ झाल्या. बऱ्याच वेळानं डोळ्यांच्या लेखण्या एकदम थयथयाट करू लागल्या. पोरगं उठलेलं दिसतंय, म्हणून बाप आत डोकावला, तर आर्मंड गाढ झोपलेला. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं मात्र सैरावैरा पळत होती.

यंत्र बिघडलंय अशी शंका येणं साहजिक होतं. ॲसेरिन्स्कीचे मार्गदर्शक नॅथॅनियल क्लाइटमन हे झोपेच्या अभ्यासातलं त्या काळचं सर्वांत मोठं नाव, पण तेही पटकन मानायला तयार नव्हते. शेवटी १९५३ मध्ये दोघांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये छापून आला. डोळे असे पळत असताना २७ वेळा लोकांना उठवलं, तर २० वेळा त्यांनी तपशीलवार स्वप्न सांगितलं. झोप म्हणजे मेंदूचं बंद पडलेलं दुकान, ही समजूत तिथं कायमची मोडली. या अवस्थेला पुढं ‘रेम’ (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप हे नाव पडलं.

मिटलेल्या डोळ्याची हालचाल तारेला कळते कशी? डोळा ही मुळात एक इवलीशी बॅटरी आहे. त्याचा पुढचा पारदर्शक पडदा मागच्या दृष्टिपटलाच्या तुलनेत धनभारित असतो. बुबुळ उजवीकडे वळलं की उजव्या कडेच्या तारेजवळ धन टोक येतं, डाव्या तारेपासून लांब जातं. दोन्ही रेषा मग एकमेकींच्या विरुद्ध दिशेला उसळतात. आपण सगळेच कपाळाखाली दोन बॅटऱ्या घेऊन हिंडतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

मेंदूची वीज त्याआधीच सापडली होती. जर्मनीत येना इथं हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञानं १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या आणि त्या छापायला १९२९ साल उजाडू दिलं. या लहरी व्होल्टच्या काही लाखांश भागाएवढ्या क्षीण असतात. त्या कवटी आणि कातडी पार करून बाहेर येतात आणि पकडताही येतात, हे मला आजही अचाट वाटतं.

आजच्या स्लीप लॅबमध्ये सुरुवात होते ती मात्र शिंप्याच्या टेपनं. नाक कपाळाला मिळतं तिथल्या खाचेपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत तंत्रज्ञ अंतर मोजतो आणि त्याच्या १० आणि २० टक्क्यांवर पेन्सिलीनं खुणा करतो. सेंटिमीटरऐवजी टक्के अशासाठी, की लहान डोकं असो वा मोठं, तार मेंदूच्या त्याच भागावर यावी. केस बाजूला सारून, कातडी घासून, चिकट पेस्टनं एकेक तार बसते. मग डोळ्यांजवळ, हनुवटीवर, पोटऱ्यांच्या पुढच्या बाजूला, छातीवर. नाकाखाली नळी, छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. एवढं झाल्यावर माणसाला सांगतात, आता निवांत झोपा. गंमत म्हणजे बहुतेकांना झोप लागतेही.

रात्रभराची नोंद ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचली जाते. हा आकडा निसर्गानं दिलेला नाही, तो कागदानं दिला. पूर्वी कागद सेकंदाला १० मिलिमीटर सरकायचा आणि पान ३० सेंटिमीटर रुंद असायचं. एका पानावर ३० सेकंद मावायचे. कागद गेला, संगणक आला, पान तेवढंच राहिलं. आठ तासांची ९६० पानं भरतात आणि प्रत्येक पानाला एक अवस्था द्यावी लागते. जागेपणी डोळे मिटले की सेकंदाला ८ ते १३ वेळा हलणाऱ्या अल्फा लहरी दिसतात. डुलकी लागली की त्या विरतात. पुढं दाट लहरींचे छोटे पुंजके येतात, मधूनच एखादी उंच, एकाकी लाट उठते. त्याहून खोल उतरलं की सेकंदाला एखाद-दुसरीच, पण डोंगराएवढी लहर. साधारण दीड तासानं रेम येते आणि तिथं मेंदूची रेषा जवळजवळ जागेपणीसारखी दिसते. मग तंत्रज्ञानं ओळखायचं कसं? हनुवटीच्या तारेवरून. रेममध्ये अंगाचे स्नायू ढिले पडतात, ती रेषा सपाट होते. फ्रान्समध्ये ल्यों इथं मिशेल झुवे यांनी १९५९ मध्ये मांजरांमध्ये हे दाखवलं. त्यांनी मेंदूच्या देठातला एक भाग निकामी केला, तर मांजरं त्या झोपेतच उठून शिकारीचे पवित्रे घेऊ लागली. ज्या माणसांचं स्नायूंवरचं हे कुलूप निसटतं ती स्वप्नात लाथा-बुक्क्या मारतात. हा विकार १९८६ मध्ये मिनेसोटातल्या डॉक्टरांनी रीतसर नोंदवला. अशा अनेकांना काही वर्षांनी पार्किन्सन्स होतो, त्यामुळे हनुवटीवरची ती तार आता फार गांभीर्यानं वाचली जाते.

पण या सगळ्या रेषांमध्ये थरारक पान असतं ते घोरणाऱ्याचं. घोरणं म्हणजे ढाराढूर झोप, असं आपल्याकडे कौतुकानं म्हणतात. पानावर उलटं दिसतं. नाकाखालच्या नळीची रेषा अचानक सपाट होते : श्वास थांबला. छाती आणि पोटाचे पट्टे मात्र हलत असतात, तेही एकमेकांच्या उलट, एक फुगतो तेव्हा दुसरा आत जातो. म्हणजे शरीर जीव तोडून हवा ओढतंय आणि घसा बंद आहे. दोन्ही पट्टे स्तब्ध असते, तर मेंदूनं श्वासाचा हुकूमच दिला नाही असा अर्थ झाला असता. तो आजार वेगळा. बोटावरचा ऑक्सिजन लगेच उतरत नाही, काही सेकंद उशिरानं घसरतो, कारण फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. मग मेंदूची रेषा काही सेकंद खडबडून जागी होते, घसा मोकळा होतो, मोठा घुरका येतो आणि पुन्हा सगळं शांत. सकाळी यातलं काहीच आठवत नाही.

असे १० सेकंद किंवा त्याहून लांब अडथळे, अर्धवट अडलेले श्वासही धरून, तासाला ५ च्या आत असले तर ठीक, ३० च्या वर गेले तर आजार तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटांना एक. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या २५० पुरुषांची घरीच चाचणी केली होती. २००४ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात १९.५ टक्के जणांच्या श्वासात झोपेत असा बिघाड आढळला, आणि ७.५ टक्के जणांना त्याच्या जोडीला दिवसाची पेंगही होती. उपायही तसा साधाच निघाला. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे किंचित दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवून दाखवला. त्या हवेत जादा ऑक्सिजन नसतो, घसा मिटू न देणं एवढंच तिचं काम.

दिवसाची पेंगही मोजता येते. दर दोन तासांनी, पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत आडवं करायचं आणि डोळा किती मिनिटांत लागतो ते पाहायचं. सरासरी आठ मिनिटांत किंवा त्याआधी लागला आणि दोनदा पंधरा मिनिटांच्या आतच रेम आली, तर नार्कोलेप्सीचा, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचा, संशय बळावतो.

एवढ्या तारा असूनही सर्वांत जास्त ऐकू येणाऱ्या तक्रारीपुढं, निद्रानाशापुढं, ही लॅब बिचकते. नव्या जागी पहिल्या रात्री अनेकांना धड झोप येत नाही. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की त्या रात्री मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातला एक हिस्सा उजव्यापेक्षा हलका झोपतो, जणू पहाऱ्यावर असतो. उलट निद्रानाशाचे काही रुग्ण लॅबमध्ये घरच्यापेक्षा बरे झोपतात, कारण घरचा पलंग त्यांच्या मनात तळमळीशी जोडला गेलेला असतो. काही जण रात्रभर टक्क जागा होतो म्हणून शपथेवर सांगतात आणि पानांवर सहा तासांची झोप निघते. ते खोटं बोलत नसतात, त्यांना तसंच जाणवलेलं असतं. म्हणून या आजाराचं निदान तारांवर नाही, सांगण्यावर होतं. रुग्णाला एक-दोन आठवड्यांची वही दिली जाते. किती वाजता आडवे झालात, डोळा केव्हा लागला, रात्री कितीदा उठलात, हे त्यानं सकाळी लिहायचं, आणि तेही अंदाजानं. घड्याळ बघायची सक्त मनाई असते.