रायपूरच्या उन्हात पॉलिहाऊस

उत्तर चीनमधल्या सौर हरितगृहांना उत्तरेकडून जाड भिंत असते. दिवसाची उष्णता ती पोटात साठवते आणि कडाक्याच्या रात्री पिकांना परत देते. रायपूरचा प्रश्न उलटा आहे. इथे मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो; आत शिरलेलं ऊन बाहेर काढायचं कसं? संपादकांनी मला पाठवलं ते याच प्रश्नामागे.

इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ इथलंच, 20 जानेवारी 1987 ला स्थापन झालेलं. तिथल्या काटेकोर शेती विकास केंद्रात ठिबक, आच्छादन आणि पॉलिहाऊस यांवर काम चालतं. मी मात्र रमलो पंखा-पॅडमध्ये.

एका बाजूला नालीदार कागदी पॅडची भिंत, तिच्यावरून पाणी झिरपत असतं. समोरच्या भिंतीतले पंखे आतली हवा बाहेर ओढतात, म्हणून बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधूनच आत येते. रायपूरच्या तात्यापारा वस्तीतले घरोघरचे कूलर याच तत्त्वावर चालतात. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे 0.68 युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं. बाहेर 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर चांगल्या पॅडमधून येणारी हवा 28 अंशांच्या आसपास असते. किती सुंदर हिशोब आहे हा!

हजार चौरस मीटरच्या पॉलिहाऊसमधली हवा मिनिटाला एकदा बदलायची, तर सव्वा मीटर व्यासाचे सहा-सात पंखे लागतात, म्हणजे साधारण तितकेच किलोवॉट. ऊन जितकं तापेल तितकी थंडाव्याची गरज मोठी, आणि सौर पॅनेलही तेव्हाच जोरात असतात. या कामाला सौर वीज शोभते ती म्हणूनच.

तरी अडचणी आहेत. पॅनेल स्वतः तापले की 25 अंशांपुढे दर अंशाला त्यांची ताकद सुमारे 0.4 टक्क्यांनी घटते. 65 अंशांवर सोळा टक्के वीज गेलेली असते. पाण्यातले क्षार पॅडवर साचतात. मऊ ब्रशने, कागद न फाडता, ते घासणारा माळी मी पाहिला; सगळी यंत्रणा त्याच्या हातांवर उभी आहे. पंखे थांबले की बंद पॉलिहाऊस काही मिनिटांत भट्टी होतं, म्हणून वीज गेल्यावरची सोय आधीच हवी.

खरी कसोटी जुलैत लागते. 31 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असताना पॅड जेमतेम दोन अंश उतरवतो. ओलसर, कोंदट हवेत बुरशी फोफावते. पंखे मात्र वीज खातच राहतात.

म्हणून रायपूर परिसरातल्या शेतकऱ्याला माझं सांगणं आहे: रोपवाटिकेसारखं मोलाचं काम असेल, तरच पंखा-पॅड घ्या. भाजीपाल्यासाठी आधी उंच छत, वरची खिडकी, गुंडाळता येणारे पडदे आणि सावलीची जाळी यांवर पैसे घाला. वारा फुकट मिळतो, आणि तो जुलैतही चालतो.