प्रवासी जहाज-अपघात : जबाबदारी व सुरक्षाव्यवस्था

प्रवासी घेऊन जाणारे जहाज, आगबोट, तर किंवा यांत्रिक होडी बुडणे, उलटणे, खडकावर आदळणे, अन्य नौकेशी तिची टक्कर होणे किंवा तिला आग लागणे, यांमुळे जीवितहानी झाल्यास वा तिचा संभव निर्माण झाल्यास त्या घटनेस प्रवासी जहाज-अपघात म्हणतात. अशा अपघातानंतर दोन प्रश्न उपस्थित होतात. घडलेल्या हानीस जबाबदार कोण, हा पहिला आणि तशी हानी पुन्हा होऊ नये म्हणून कोणती व्यवस्था हवी, हा दुसरा. हे प्रश्न परस्परांशी निगडित असले, तरी ते एकच नव्हेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे कप्तानास शिक्षा होते आणि धक्क्यावरील व्यवहार मात्र पूर्वीप्रमाणेच चालू राहतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील अपघातांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

कोकणातील जलप्रवास : सह्याद्रीच्या दुर्गम घाटांमुळे व किनाऱ्याला छेदणाऱ्या खाड्यांमुळे रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांना मुंबईस जाण्याचा सोयीचा मार्ग दीर्घकाळ समुद्राचाच होता. गिरणीकामगार, चाकरमानी, विद्यार्थी, व्यापारी असे सर्व थरांतील लोक आगबोटीने ये-जा करीत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही या मार्गावरील प्रमुख बंदरे होत. (यांपैकी विजयदुर्गापासून दक्षिणेकडील बंदरे १९८१ मध्ये नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेली.) अनेक ठिकाणी पाणी उथळ असल्याने आगबोट खोल पाण्यात नांगर टाकी व उतारूंना पडावातून किनाऱ्यावर नेले जाई. एका सफरीत अशा रीतीने दोन वेळा धोका पत्करावा लागे : एकदा आगबोटीत व एकदा पडावात. पावसाळ्यात उघड्या समुद्रावरील वाहतूक बंद राही. मुंबई बंदराच्या परिसरातील रेवससारख्या जवळच्या फेऱ्या मात्र चालू असत. रस्त्यांचा विस्तार व १९९८ मध्ये पूर्णत्वास गेलेली कोकण रेल्वे यांमुळे चित्र पालटले. तथापि जलवाहतूक संपुष्टात आलेली नाही. वासिष्ठी नदीच्या खाडीवरील दाभोळ-धोपावे व शास्त्री नदीच्या खाडीवरील जयगड-तवसाळ या मार्गांवर वाहने व माणसे एकत्र नेणाऱ्या बोटी चालतात. त्यांपैकी दाभोळची सेवा २००३ मध्ये सुरू झाली.

प्रमुख अपघात : कच्छमधील मांडवी बंदराहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडून नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे ती ‘विजळी’ या नावाने लोकप्रसिद्ध होती. तीवरील शेकडो उतारूंपैकी कोणीही वाचले नाही. मुंबई इलाख्यात झालेल्या चौकशीत जीवरक्षक साधने अपुरी असल्याचे दिसून आले. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी कोकण किनाऱ्यावर वाहतूक करणाऱ्या एकाच स्वदेशी कंपनीच्या ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्याच कंपनीच्या ‘रामदास’ बोटीचा अपघात हा या किनाऱ्यावरील सर्वांत मोठा अपघात होय.

‘रामदास’ ही १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेली, सु. ५४ मी. लांबीची आगबोट होती. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्येनिमित्त गावी जाणाऱ्या उतारूंची तीवर दाटी होती. वाटेत काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात एका प्रचंड लाटेने बोट कलली, भयभीत उतारू एका बाजूस धावले आणि बोट उलटून थोड्याच वेळात बुडाली. बोटीवर बिनतारी संदेश यंत्रणा नव्हती. त्यामुळे सकाळी घडलेल्या या घटनेची वार्ता मुंबईस पोहोचण्यास दुपार उलटली व तीही पोहून वाचलेल्या उतारूकडून कळली. मधल्या काळात रेवस परिसरातील कोळ्यांनी आपल्या मचव्यांतून काही उतारूंचे प्राण वाचविले. मृतांचा आकडा सहाशेंहून अधिक आहे. मात्र निरनिराळ्या वृत्तांतांत तो निरनिराळा आढळतो. धक्का सोडताना बोटीवर नेमकी किती माणसे होती याची खात्रीलायक नोंद नसणे, हे या विसंगतीचे एक कारण होय. या अपघातानंतर बोटींवरील बिनतारी संदेश यंत्रणा व पावसाळी वाहतुकीवरील निर्बंध यांकडे शासनाने लक्ष पुरविले.

उलटण्याची क्रिया : लाट हे अपघाताचे दृश्य कारण असते; पण धडधाकट जहाज केवळ लाटेने सहसा उलटत नाही. जहाजाचे स्थैर्य त्याच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते. उतारू वरच्या मजल्यावर दाटले, की गुरुत्वमध्य वर सरकतो व कललेले जहाज पुन्हा सरळ करणारी प्रेरणा क्षीण होते. उतारू एका कडेस धावले, तर कलण्यात भर पडते. उदा., सरासरी ६० किग्रॅ. वजनाचे १०० उतारू ४ मी. अंतर एका बाजूस सरकले, तर २४ टन-मीटर इतके परिबल निर्माण होते. ४०० टन विस्थापनाच्या एखाद्या जहाजाचा झुलण्याचा आसबिंदू गुरुत्वमध्याच्या अर्धा मीटर वर आहे असे मानल्यास ते एवढ्याने सु. ७ अंशांनी कलेल. उतारू ३०० असतील, तर हा कोन स्थूलमानाने २१ अंशांवर जाईल. त्यातच वारा व लाट यांची भर पडून कठडा पाण्याला टेकला व पाणी आत शिरले, की ते पाणी खालच्या बाजूस धावते आणि उरलेसुरले स्थैर्यही नष्ट होते. यावरून क्षमतेहून अधिक उतारू घेणे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नसून जहाजाच्या तरण्याचाच प्रश्न आहे, हे स्पष्ट होते. प्रवासी-संख्येची मर्यादा ही आसनांवरून नव्हे, तर या गणितावरून व जीवरक्षक साधनांच्या संख्येवरून ठरते.

चौकशी व जबाबदारी : भारतात १९५८ च्या व्यापारी नौवहन अधिनियमाने जहाज-अपघातानंतर प्रथम प्राथमिक चौकशी व आवश्यकतेनुसार न्यायदंडाधिकाऱ्यासमोर तज्ञ सल्लागारांच्या साहाय्याने रीतसर अन्वेषण, अशी द्विस्तर पद्धती घालून दिली. अशा न्यायालयास दोषी कप्तान किंवा अभियंता यांचे प्रमाणपत्र निलंबित वा रद्द करता येई. २०२५ मध्ये संसदेने या विषयावर नवा अधिनियम संमत केला. खाड्या व नद्यांतील वाहतुकीसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. फौजदारी बाजूने पाहता, असुरक्षित किंवा प्रमाणाबाहेर भरलेल्या जलयानातून भाडे घेऊन माणसे नेणे हा भारतीय दंड संहितेच्या २८२ व्या कलमाखाली गुन्हा होता. भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद २८४ व्या कलमात आहे. या कलमानुसार जाणूनबुजून केलेल्या कृत्याबरोबरच निष्काळजीपणाही शिक्षापात्र ठरतो, हे लक्षणीय आहे.

जबाबदारीचे चार स्तर कल्पिता येतात. जहाज कसे चालविले याची जबाबदारी कप्तान वा तांडेल यांची; जहाज समुद्रात नेण्याजोगे आहे का व त्यावर पुरेसे प्रशिक्षित खलाशी व साधने आहेत का, याची मालकाची; सर्वेक्षण, परवाना व सुटण्याची अनुज्ञा यांची बंदर-अधिकाऱ्यांची; आणि नियम पुरेसे आहेत का, याची शासनाची. अपघातानंतर लोकांचा रोष व कायद्याचा हात बहुधा पहिल्या स्तरापाशीच थांबतो. कप्तानाची चूक डोळ्यांना दिसते, मालकाची कागदांत दडलेली असते आणि पर्यवेक्षकाची तर न झालेल्या कृतीतच असते.

या अडचणीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदराबाहेर उलटलेले ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ हे ब्रिटिश जहाज होय. नाळेकडील दरवाजे उघडेच ठेवून ते निघाले व १९३ जण मृत्युमुखी पडले. दरवाजे लावण्याचे काम ज्याच्याकडे होते तो खलाशी त्या वेळी झोपेत होता. पण दरवाजे लागले की नाही हे दर्शविणारे दिवे कप्तानासमोर बसवावेत, ही मागणी पूर्वीच व्यवस्थापनाकडे करण्यात आली होती व ती मान्य झाली नव्हती. न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने खलाशांबरोबरच कंपनीच्या वरिष्ठ व्यवस्थापनावरही कडक ठपका ठेवला. कंपनीवर भरलेला मनुष्यवधाचा खटला मात्र १९९० मध्ये टिकला नाही. कारण दोष कोणा एका संचालकापर्यंत पोहोचविता येईना. पुढे २००७ मध्ये ब्रिटनने संस्थांच्या अशा अपराधासाठी स्वतंत्र कायदा केला. दक्षिण कोरियात एप्रिल २०१४ मध्ये ‘सेवॉल’ जहाज उलटून ३०४ जण मृत्यू पावले. त्या खटल्यांत कप्तानाबरोबर, प्रमाणाबाहेर माल भरू देणाऱ्या कंपनीच्या प्रमुखासही शिक्षा झाली.

सुरक्षाव्यवस्थेचा विकास : १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९१४ मध्ये झाला, त्याची १९७४ ची आवृत्ती सुधारणांसह प्रचलित आहे. या करारांचा भर प्रारंभी होड्या, जाकिटे, बिनतारी यंत्रणा अशा साधनांवर होता. झेब्रुगेच्या अपघातानंतर माणसांच्या व कार्यालयांच्या कामाच्या पद्धतीकडे लक्ष वळले. त्यातून १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता संमत झाली व १ जुलै १९९८ पासून ती प्रवासी जहाजांना बंधनकारक झाली. या संहितेनुसार प्रत्येक कंपनीस लेखी सुरक्षापद्धती ठेवावी लागते, लहानसहान दोषांची व थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद करावी लागते आणि किनाऱ्यावरील एक नियुक्त व्यक्ती सर्वोच्च व्यवस्थापनाशी थेट संपर्क साधू शकेल अशी सोय करावी लागते. संचालकास ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणण्यास जागा राहू नये, हा तिचा मथितार्थ आहे. २०१० पासून अंमलात आलेल्या अपघात-अन्वेषण संहितेने सुरक्षाविषयक तपास हा दोषनिश्चितीपासून वेगळा ठेवला. साक्षीदारास शिक्षेचे भय नसेल, तरच खरे कारण बाहेर येते, हे त्यामागील तत्त्व होय. मात्र या आंतरराष्ट्रीय व्यवस्थांचा रोख मुख्यतः देशोदेशींच्या सफरींवरील मोठ्या जहाजांवर आहे. खाडीतील तर किंवा धक्क्यावरून सुटणारी लाकडी बोट त्यांच्या कक्षेबाहेर राहते. तेथे स्थानिक नियमनच उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील व्यवस्था : राज्यातील लहान बंदरांचे नियमन १९९६ च्या अधिनियमाखाली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. बोटींचे सर्वेक्षण, प्रवासी-क्षमतेची निश्चिती व वाहतुकीचे परवाने ही कामे त्याच्या कक्षेत येतात. समुद्रातील शोध व बचावकार्यासाठी तटरक्षक दल, नौदल व सागरी पोलीस उपलब्ध असतात. या सुधारणेचे फळ दिसून आले आहे. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ ‘अजंठा’ ही बोट बुडू लागली, तेव्हा गस्तीवरील पोलीस नौका जवळच असल्याने सर्व ८८ जण वाचले. १९४७ मध्ये वार्ता पोहोचण्यास जेवढे तास लागले, तेवढी मिनिटेही या वेळी लागली नाहीत.

याउलट १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीस जाणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीवर इंजिनाच्या चाचणीत नियंत्रण सुटलेली नौदलाची वेगवान नौका आदळली व एकूण १५ जण मृत्युमुखी पडले. मदत त्वरित पोहोचली; परंतु ८४ उतारू व ६ खलाशी एवढीच अनुज्ञा असलेल्या त्या बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. टक्कर झाली ती अधिक उतारूंमुळे नव्हे. पण टक्कर झाल्यावर किती जणांच्या जिवावर बेतेल, हे उतारूंच्या संख्येने व अंगावरील जाकिटांनी ठरते. अपघातानंतर जाकीट घालण्याची सक्ती करण्यात आली. साधन बोटीवर असणे व ते उतारूच्या अंगावर असणे यांतील अंतर या घटनेने पुन्हा निदर्शनास आणले.

‘रामदास’पासून ‘नीलकमल’पर्यंतच्या ७७ वर्षांत संदेशवहन, हवामानाचा अंदाज व बचावकार्य यांत मोठी प्रगती झाली. जेथे प्रगती तोकडी पडली ती जागा समुद्रात नसून धक्क्यावर आहे. बोट सुटण्यापूर्वी माणसे मोजणे, मर्यादा पूर्ण होताच फळी काढून घेणे, जाकिटे घातल्याची खात्री करणे, वाहनांच्या बोटीवर गाड्या व माणसे यांच्या जागा वेगळ्या ठेवणे आणि प्रतिकूल हवेत फेरी रद्द करणाऱ्या तांडेलास मालकाचा जाच होऊ न देणे, ही कामे अल्पखर्चाची आहेत. पण ती दररोज, प्रत्येक फेरीस करावी लागतात. सणासुदीच्या गर्दीत घरी पोहोचण्याची घाई उतारूलाही असते. म्हणून मर्यादेचा निर्णय त्याच्यावर किंवा तिकिटाच्या उत्पन्नावर अवलंबून असणाऱ्यावर न सोपविता, ज्याला बोट थांबविण्याचा अधिकार आहे व न थांबविल्यास ज्याला उत्तर द्यावे लागेल अशा व्यक्तीकडे तो असणे आवश्यक ठरते. अपघातानंतरच्या जबाबदारीची निश्चिती सुरक्षेस उपकारक होते, ती याच अर्थाने.