विरघळणारी नळी, उगवणारी धमनी

लेखमाला : देहाची दुरुस्ती – भाग ७

मागच्या भागात आपण बायपासची शस्त्रक्रिया पाहिली. हृदयाची धमनी तुंबली की सर्जन रुग्णाच्याच पायातली लांब शीर काढतात आणि अडथळ्याला वळसा घालून जोडतात. १९६७ मध्ये क्लीव्हलँडला रेने फावालोरो यांनी ही पद्धत रुळवली आणि आज ती आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली आहे. पण या सगळ्या इमारतीचा पाया एकच आहे : रुग्णाच्या अंगात घेण्याजोगी चांगली शीर असली पाहिजे.

ती नसेल तर? कोणाच्या पायात शिरा फुगून वेड्यावाकड्या झालेल्या असतात. कोणाची शीर आधीच्या बायपाससाठी वापरून झालेली असते. अहिल्यानगरजवळच्या नागापूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी पॉवर प्रेसमध्ये हात सापडून दंडाची धमनी तुटली, तर हात वाचवायला डॉक्टरांपाशी जेमतेम काही तास असतात. त्याच वेळात दुसरीकडची शीर शोधायची, काढायची आणि जोडायची. फडताळातून काढून लगेच जोडता येईल अशी तयार धमनी हवी, ही गरज तिथे सर्वांत तीव्रतेने जाणवते. अशी धमनी बनवण्याचे प्रयत्न सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. त्यांतून हाती आलेली सर्वांत महत्त्वाची समज अशी : कृत्रिम धमनी कायमची टिकायला नको, तिने वेळेवर संपायला हवं.

टिकाऊ नळी कुठे हरली

रक्तवाहिन्या टाके घालून जोडण्याची रीत अलेक्सिस कॅरेल यांनी घालून दिली आणि त्यासाठी १९१२ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर व्हूरीस यांनी विन्यॉन नावाच्या कृत्रिम कापडाच्या नळ्या माणसात बसवल्या. त्याच दशकात ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी दुकानात नायलॉन घ्यायला गेले. ते शिल्लक नव्हतं म्हणून त्यांनी डेक्रॉन आणलं आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर त्याची नळी शिवली. डेक्रॉन म्हणजे पॉलिस्टर, आपल्या शर्टांच्या कापडात असतं तेच. महाधमनीसाठी ते आजही वापरलं जातं.

महाधमनी रुंद असते, तिच्यातून रक्त जोरात वाहतं, म्हणून पॉलिस्टर तिथे चालतं. नळीचा व्यास सहा मिलिमीटरच्या खाली आला की गणित बिघडतं. हृदयाच्या आणि गुडघ्याखालच्या धमन्या साधारण तीन-चार मिलिमीटरच्याच असतात. तिथे परक्या पृष्ठभागावर रक्ताची गुठळी धरते. शिवाय खरी धमनी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि आकसते, पॉलिस्टर मात्र ताठ राहतं. दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याला जोडावर ओढाताण होते. त्यामुळे तिथल्या पेशी वाढत जातात आणि हळूहळू नळीचं तोंड बुजवतात.

लहान वयाच्या रुग्णांत आणखी एक अडचण असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. पी. के. सेन, डॉ. जी. बी. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छाती-पोटातल्या महाधमनीचा मधला भाग अरुंद होण्याच्या विकाराचं वर्णन केलं. हा विकार प्रामुख्याने तरुण वयात दिसतो. अशा रुग्णाला, किंवा हृदयात जन्मजात दोष असलेल्या बालकाला नळी बसवली, तर मूल वाढतं आणि नळी तेवढीच राहते. मग पुन्हा छाती उघडावी लागते. वाढत्या देहाला वाढणारी धमनीच हवी, आणि वाढ जिवंत पेशींनाच जमते.

एरंडाच्या तेलातून

सिझेरियननंतर आत घातलेले विरघळणारे टाके अनेक घरांत माहीत असतात. त्या धाग्यातल्या रासायनिक साखळ्या शरीरातल्या पाण्याने हळूहळू तुटतात आणि उरलेले तुकडे शरीर पचवून टाकतं. धागा विरघळतो तोवर जखम आपल्या बळावर धरलेली असते. याच तत्त्वावर नळी बनवता येईल का, असा विचार पुढे आला. स्लॅब ओतताना खाली सेंट्रिंग लावतात, तसं या नळीचं काम आहे. लवकर काढलं तर स्लॅब कोसळतो, आणि ठेवूनच दिलं तर घरात राहता येत नाही. नळी विरघळण्याचा वेग आणि नवी भिंत उभी राहण्याचा वेग जुळवणं हेच या शास्त्रातलं सगळं कौशल्य आहे.

पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारखे पदार्थ शरीरात दोन-तीन वर्षं रेंगाळतात. टाक्यांतल्या पॉलिग्लायकोलिक आम्लाचं बळ काही आठवड्यांतच जातं. दोन्हींत आणखी एक उणीव आहे : ते ताणल्यावर रबरासारखे परत येत नाहीत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत रॉबर्ट लँगर यांच्या प्रयोगशाळेत यादोंग वांग यांनी लवचीक आणि विरघळणारा असा एक पदार्थ तयार केला, पॉलिग्लिसरॉल सेबॅकेट. त्याचे घटक दोनच. एक ग्लिसरीन, जे साबणाच्या कारखान्यात जोडउत्पादन म्हणून निघतं. दुसरं सेबॅसिक आम्ल, जे एरंडेल तेल अल्कलीबरोबर उच्च तापमानाला तापवून मिळवतात. आपल्याकडे बांधावर, उकिरड्याच्या कडेला आपसूक उगवणारा तो हाच एरंड. जगात सर्वांत जास्त एरंड भारतात पिकतो आणि त्यातला मोठा वाटा गुजरातचा आहे.

पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाची बारीक नळी केली. मिठाचे बारीक कण मिसळून ती घडवायची आणि नंतर मीठ पाण्यात विरघळवून काढायचं, म्हणजे भिंतीत एकमेकांना जोडलेली छिद्रं तयार होतात. आतली भिंत विरघळत असताना नळी फुटू नये म्हणून बाहेरून पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या अतिसूक्ष्म तंतूंचं आवरण दिलं. तिच्यात एकही जिवंत पेशी भरलेली नव्हती. ही नळी रॅट जातीच्या उंदरांच्या पोटातल्या महाधमनीत बसवली. २०१२ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेला निष्कर्ष असा होता : तीन महिन्यांत तिच्या जागी जवळपास खऱ्यासारखी धमनी उभी राहिली. तिला आतून सलग अस्तर होतं, आकुंचन पावणाऱ्या स्नायूंचे थर होते आणि ती ठोक्याबरोबर धडधडत होती. मुख्य म्हणजे तिच्यात इलॅस्टिन होतं. धमनीला लवचीकपणा देणारं हे प्रथिन शरीर मुख्यतः वाढीच्या वयातच बनवतं, प्रौढपणी फार कमी. म्हणून या निष्कर्षाला मोठं मोल आहे.

गवंडी कोण?

पेशी भरल्याच नव्हत्या, तर भिंत बांधली कोणी? याचं उत्तर एका वेगळ्या कामातून मिळालं. १९९९ मध्ये टोकियोत डॉ. तोशिहारू शिनोका यांनी चार वर्षांच्या एका मुलीच्या फुप्फुसधमनीच्या जागी विरघळणारी नळी बसवली. त्या नळीवर तिच्याच शिरेतल्या पेशी वाढवलेल्या होत्या. पुढे विरघळणारी नळी बसवलेल्या २५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. नळीमुळे कोणी दगावलं नाही, पण काहींत ती अरुंद झाली आणि फुग्याने रुंद करावी लागली. त्यानंतर येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये पाहिलं, तर वरून लावलेल्या पेशी काही दिवसांतच नाहीशा होत होत्या. नवी भिंत यजमानाच्या शरीरातूनच येत होती. आधी रक्तातल्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, नळीवर जमतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर शेजारच्या धमनीतल्या पेशी आत सरकतात.

म्हणजे ज्या दाहाला आपण शत्रू समजत होतो, तोच बांधकामाची सुरुवात करतो. तो अजिबात नको असं नाही, बेताचा हवा. जास्त झाला की भिंत जाड होऊन वाट बुजते. या नळ्यांच्या अमेरिकेतल्या चाचणीत काही मुलांच्या नळ्या सुरुवातीला अशाच अरुंद झाल्या. मेंढ्यांवरच्या पुढच्या अभ्यासाने २०२० मध्ये दाखवलं, की हा अरुंदपणा बऱ्याच प्रमाणात आपोआप ओसरतो.

उंदीर ते माणूस

इथे आशेला मोजपट्टी लावायला हवी. उंदराच्या धमनीतली नळी फार आखूड असते आणि दोन्ही टोकांकडून अस्तर सरकत येऊन मध्ये भेटतं. माणसात असं अस्तर टोकापासून एक-दोन सेंटिमीटरच सरकतं, आणि बायपासला वीतभर किंवा त्याहून लांब नळी लागते. मधल्या भागाला पेशी भिंतीच्या छिद्रांतून किंवा रक्तातूनच मिळायला हव्यात. शिनोका यांच्या नळ्या कमी दाबाच्या रक्तप्रवाहात होत्या. हृदयाच्या धमनीतला दाब पुष्कळ जास्त असतो.

जवळच्या वाटेनं एक उत्पादन मात्र बाजारात पोचलं आहे. लॉरा निकलसन यांच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या ह्यूमासाइट कंपनीच्या सिम्व्हेस या धमनीला अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. विरघळणाऱ्या साच्यावर मानवी पेशी वाढवतात, त्या कोलॅजनची भिंत विणतात, साचा विरघळतो, मग पेशी धुऊन काढतात आणि नळी शीतकपाटात ठेवतात. हातापायाची धमनी दुखापतीत तुटली आणि स्वतःची शीर वापरता येत नसेल, तेवढ्यासाठीच ती वापरायची आहे. नळी फुटण्याचा आणि गुठळी होण्याचा धोका तिच्या माहितीपत्रकात ठळकपणे दिलेला आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशमातल्या प्रथिनापासून हाड भरून येण्यासाठी सच्छिद्र साचे तयार केले आहेत. त्याच फायब्रॉइन प्रथिनाच्या बारीक रक्तनळ्यांचे प्रयोग जपानमध्ये उंदरांवर झाले आहेत. रेशीम, एरंड आणि बहुवारिकांचं, म्हणजे पॉलिमरचं, ज्ञान हे तिन्ही आपल्याकडे आहे. तेव्हा या क्षेत्रात महाराष्ट्राने नुसतं गिऱ्हाईक म्हणून राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

तोवर लहान धमनीसाठी सर्वांत उत्तम साहित्य म्हणजे आपली स्वतःची शीर, आणि ती जपणं आपल्या हातात आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल आणि पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता असेल, तर नेहमीच्या वापरात नसलेल्या हाताच्या शिरेतून रक्त काढू देऊ नका आणि तिथे सलाईनही लावू देऊ नका. डायलिसिससाठी धमनीला शीर जोडून करतात तो फिस्टुला सहसा त्याच हातावर करतात. मधुमेह असेल तर पायांची तपासणी चुकवू नका. विडी, सिगारेट आणि तंबाखू सोडा. सुई टोचण्याआधी परिचारिकेला सांगा, "ताई, हा हात नको, दुसरा घ्या."

(पुढच्या भागात : डायलिसिसचा फिस्टुला कसा करतात आणि तो का बंद पडतो)