सुवर्णपदकानंतर

मालवणातील एखाद्या मुलाने ‘हॉकीतच आयुष्य घालवीन’ म्हटले, तर घरची वडीलधारी मंडळी आधी पोटापाण्याचे विचारतील. आणि त्यांचे चुकते असेही नाही. खडकीचा धनराज पिल्ले भावांच्या मोडक्या स्टिका दोरीने बांधून खेळ शिकला. १९८९ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धा तो खेळला. १९९८ साली बँकॉकला त्याच्याच नेतृत्वाखाली भारताला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळाले. आणि बक्षीस? कर्णधारासह काही खेळाडूंना लगेच संघातून वगळण्यात आले! ‘विश्रांती’ हे त्याचे गोंडस नाव. भत्त्यांविषयी तोंड उघडल्याची ती किंमत, असेच तेव्हा बहुतेकांनी मानले. त्याच्या चरितार्थाला आधार राहिला तो इंडियन एअरलाइन्सच्या नोकरीचा आणि परदेशी क्लबांचा.