हुकूम सोडणारा आणि उशाशी बसणारा

इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांतल्या शेख नायकाचं राज्य नकाशावर शोधायला जाऊ नका. बहुतेक वेळा ते लेखिकेनंच वसवलेलं असतं. तेल मुबलक, राजवाडा संगमरवरी आणि राजाला जाब विचारणारं कुणी नाही! यातली शेवटची सोय सर्वांत मोलाची. लंडनमधल्या एखाद्या कोट्यधीशानं मुलीला ‘तू इथून जायचं नाहीस’ म्हटलं, तर ती पोलिसांना फोन करील आणि कादंबरी तिथंच आटपेल. वाळवंटात ती तिथून सुरू होते.

ठाण्यात मी लायब्ररी चालवते. मिल्स अँड बूनच्या प्रेमकादंबऱ्यांच्या कपाटातले शेख फारसे घरी थांबत नाहीत. त्यांना नेणाऱ्यांत बँकेतल्या मॅडम आहेत, क्लास घेणाऱ्या आहेत, निवृत्त मुख्याध्यापिकाही आहेत. घरात कुणी आवाज चढवला तर मुळीच ऐकून न घेणाऱ्या या बायका. पुस्तकातल्या हुकूमशहावर मात्र त्यांचा जीव!

या घराण्याचा मूळपुरुष १९१९ सालचा. ‘द शेख’ ही कादंबरी ई. एम. हल या नावानं छापली गेली. लेखिका एडिथ हल इंग्लंडमधल्या डर्बीशरची, नवऱ्याचा डुकरं पाळण्याचा व्यवसाय. कादंबरीत अल्जीरियाच्या वाळवंटात अहमद बेन हसन हा डायना मेयो या मानी इंग्रज मुलीला पळवून नेतो, तिच्यावर बलात्कार करतो आणि पुढे ती त्याच्याच प्रेमात पडते. १९२१च्या मूकपटात रुडॉल्फ व्हॅलेंटिनो शेख झाला. बलात्कार मात्र पडद्यावर येऊ दिला नाही. कादंबरीच्या शेवटी उलगडा होतो की अहमद अरब नाहीच. बाप इंग्रज उमराव, आई स्पॅनिश. म्हणजे थरार परक्याचा, सोयरीक मात्र आपल्यातली.

पुढच्या लेखिकांनी हा नायक बराच धुऊनपुसून घेतला. हल्लीचा शेख परदेशी विद्यापीठात शिकलेला असतो, हेलिकॉप्टर स्वतः चालवतो, हातावर ससाणा बसवतो. बळजबरी जवळजवळ गेली, पण हुकूम राहिला. ‘माझ्याबरोबर चल’ असं तो विचारत नाही, सांगतो. आणि तिला ताप आला की तोच दौरा रद्द करून उशाशी बसतो. या दोन गोष्टी एकाच माणसात असणं हेच खरं आकर्षण. ज्याच्यापुढे अख्खा देश वाकतो, तो एका नर्सपुढे किंवा सेक्रेटरीपुढे हरतो. तो जितका बलाढ्य, तितकी त्याची शरणागती चढ्या भावाची. आमच्या एक वाचक बाई शेवटची पानं आधी वाचतात. ‘ताई, तो हरतो ना, एवढं बघून घेते. मग त्याला काय रुबाब करायचाय तो करू दे.’

अमेरिकेत अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं : घरातल्या सगळ्यांचं करणाऱ्या बाईचं करणारं कुणी नसतं, ती माया तिला नायकाकडून मिळते. शिवाय हातात पुस्तक असतं तेवढा वेळ तिचा स्वतःचा. पण रॅडवेंनी धोकाही दाखवला. नायकाचा तुसडेपणा म्हणजे दडवलेलं प्रेम, असा अर्थ लावायची सवय या कथा लावतात.

दुसरी तक्रार अरबांच्या बाजूनं आहे, आणि ती रास्त आहे. पाश्चात्त्यांनी आपल्या सोयीची पूर्व कशी घडवली, हे एडवर्ड सईद यांनी १९७८ साली ‘ओरिएंटलिझम’मध्ये मांडलं. शेख कादंबरी त्याचं चालतंबोलतं उदाहरण. शारजात संसार करून परतलेल्या आमच्या एक काकू ही पुस्तकं आवडीनं नेतात. ‘तिथले शेख मी दुकानातल्या फोटोत पाहिले,’ म्हणतात. ‘आमचं आयुष्य व्हिसा आणि घरभाडं यातच गेलं.’

मुलीला हे वाचू द्यावं का, असं आया विचारतात. मी देते. पण काउंटरवर एक गोष्ट सांगते. जुन्या कादंबऱ्यांत सगळं नायिकेच्या नजरेतून दिसायचं, नायकाचं मन शेवटी उघडायचं. आता मधूनमधून त्याच्या बाजूनंही प्रकरणं येतात. त्यानं दार आपटलं तरी आतून तो व्याकूळ आहे, हे वाचणारीला छापील मजकुरातून कळतं. म्हणून तिला भीती वाटत नाही. खऱ्या माणसाबाबत ही सोय नाही. त्यानं दार आपटलं तर आपल्याला फक्त आपटलेलं दार दिसतं, आणि निर्णय त्यावरच घ्यायचा असतो.