पेरूवरचा पिठ्या ढेकूण आणि त्याला खाणारा ढालकिडा



पेरू, सीताफळ, लिंबू, चिकू ही झाडे आपल्यापैकी बहुतेकांच्या परसात असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी कोवळ्या फांद्यांवर, पानांच्या खालच्या बाजूस व फळांच्या देठाशी पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले, की आपण लगेच फवारणीचा पंप बाहेर काढतो. आठ-दहा दिवस झाड बरे दिसते. महिनाभरात तेच पीठ पुन्हा येते, आणि पहिल्यापेक्षा जास्त येते. असे का होते, आणि विषारी औषध न मारता काय करता येते, हे या वेळी समजून घेऊ. झाड घराजवळचे, विहीरही जवळच, आणि फळे मुले तोडून तशीच खातात. म्हणून हा विषय शेतीचा आहे तितकाच आरोग्याचाही आहे.

कीड कोणती?

हे पीठ म्हणजे पिठ्या ढेकूण. अंगावर मेणकट पांढरा थर असलेला हा मऊ किडा एका जागी बसून झाडाचा रस शोषतो. पाने वाकडी होतात, कोवळी फळे गळतात. शोषलेल्या रसातील जास्तीची साखर तो चिकट पाण्याच्या रूपाने बाहेर टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते व पाने काजळी धरल्यासारखी दिसतात.

हा गोड चिकटा मुंग्यांना फार आवडतो. त्यासाठी त्या पिठ्या ढेकणाची राखण करतात, त्याला खायला येणाऱ्या किड्यांना चावून हाकलतात, आणि त्याची पिले एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात. झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर वर काहीतरी गोड पाझरते आहे असे समजावे.

औषध का पुरे पडत नाही?

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेण असते व त्याची अंडी कापसासारख्या पुंजक्यात लपलेली असतात. बरेचसे किडे सालीच्या भेगेत व देठाच्या खोबणीत बसतात. औषध तेथवर नीट पोचत नाही. मात्र पानावर उघडपणे फिरणारे, पिठ्या ढेकणाला खाणारे किडे त्याच फवाऱ्यात मरतात. थोडे शत्रू वाचले, राखणदार मात्र सगळे गेले. मग शत्रू मोकळेपणी वाढतो.

याचा मोठा दाखला अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा आहे. तेथील संत्र्या-मोसंब्यांच्या बागा पिठ्या ढेकणाच्याच जातभाई असलेल्या एका पांढऱ्या खवले किडीने उजाड होऊ लागल्या होत्या. ही कीड ऑस्ट्रेलियातून आलेली होती. म्हणून १८८८ साली अल्बर्ट कोबेल या कीटकतज्ज्ञास तिकडे पाठवण्यात आले. तेथे ती कीड खाणारा एक लहानसा लाल-काळा ढालकिडा त्यांना सापडला. पहिल्या खेपांत अवघे १२९ किडे आले. ते वाढवून बागांत सोडल्यावर एक-दीड वर्षात ती कीड आटोक्यात आली. पुढे १९४५ नंतर तेथील बागांत डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली. त्यात ढालकिडे मेले, आणि अर्धशतकभर दबलेली ती कीड पुन्हा उसळली. फवारणी आवरून ढालकिडे पुन्हा आणून सोडावे लागले.

आपला मित्र कसा ओळखावा?

ढालीसारखी गोल, फुगीर पाठ असलेले किडे आपण मिरचीवर, चवळीवर, मक्यावर नेहमी पाहतो. नारिंगी पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा असलेला ढालकिडा मावा खातो. पिठ्या ढेकणासाठी मात्र क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा विशेष कामाचा आहे. तोही मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्या देशात तो प्रथम १८९८ साली आणला गेला. लांबीला तो सुमारे चार मिलिमीटर असतो. पाठ काळपट, डोके व मागचे टोक नारिंगी.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. या ढालकिड्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच दिसते! तिच्याही अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या असतात. हीच मोठी कीड आहे असे समजून पुष्कळजण तिला चिरडतात. फरक असा: पिठ्या ढेकूण जवळजवळ हलत नाही, अळी चांगली चालती-फिरती असते. पूर्ण वाढलेली अळी ढेकणापेक्षा बरीच मोठी, एक सेंटिमीटरहून अधिक लांब असते, आणि तिच्या झिरमिळ्या लांब व विस्कटलेल्या असतात. काडीने डिवचावे, भराभर चालू लागली तर ती बहुधा आपली मित्र. एकेक अळी शेकडो अंडी व पिले फस्त करते. अंड्यापासून ढालकिडा तयार होण्यास सुमारे महिना लागतो, आणि ढालकिडा झाल्यावरही तो तेच खातो.

काय करावे?

१. आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहावीत. कीड थोडी असेल तर ती फांदी छाटून जाळावी, किंवा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावी.

२. मुंग्यांची वाट बंद करावी. जमिनीपासून फूटभर उंचीवर खोडाभोवती वीतभर रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस फासावे. ग्रीस सालीवर थेट लावू नये. जमिनीला किंवा कुंपणाला टेकणाऱ्या फांद्याही कापाव्यात, नाहीतर मुंग्या तेथून चढतात.

३. कीड वाढलेली असेल तर क्रिप्टोलिमसचे ढालकिडे मिळवून दर झाडास १० ते २० सोडावेत. ते कोठे मिळतील याची चौकशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी खात्याच्या कचेरीत करावी. ऊन उतरल्यावर, कीड असलेल्या फांदीवरच ते सोडावेत. झाडावर कीड नसताना सोडले तर खायला नाही म्हणून ते उडून जातात.

४. सोडण्याआधी पंधरा-वीस दिवस व सोडल्यानंतर त्या झाडावर विषारी औषध मारू नये. शेजारच्या पिकावर मारायचे असेल तर वारा कोणीकडे वाहतो ते पाहावे.

५. धीर धरावा. औषधाचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो, ढालकिड्याचा महिन्या-दीड महिन्याने.

हुमल्यांचे काय?

आंब्या-काजूची पाने शिवून घरटे करणारे लाल मुंगळे, ज्यांना गोव्याकडे हुमले म्हणतात, ते मित्र की शत्रू? दोन्ही. काजूच्या मोहोरावरील ढेकण्या व पाने खाणाऱ्या अळ्या ते पकडतात. चीनमध्ये तर इसवी सन ३०४ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ग्रंथात संत्र्याच्या झाडांवर टांगण्यासाठी अशी घरटी बाजारात विकली जात असल्याची नोंद आहे. पण हेच हुमले चिकट्यासाठी पिठ्या ढेकणाचीही राखण करतात. म्हणून काजूवर त्यांना राहू द्यावे. पिठ्या ढेकूण लागलेल्या पेरू-सीताफळावर मात्र चढू देऊ नये.

पपईचा अनुभव

२००८ साली कोइमतूर भागात पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला. थोड्याच काळात तो कर्नाटकात व महाराष्ट्रातही पसरला. फवारण्या करूनही बागा जात होत्या. तेव्हा बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संशोधन संस्थेने २०१० साली प्वेर्तो रिको बेटावरून मिलिमीटरभरही लांब नसलेल्या गांधीलमाशीच्या जातीचे कीटक आणवले. त्यांची मादी पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घालते, आणि आतली अळी त्याला पोखरून खाते. हे कीटक सोडल्यावर काही महिन्यांतच पपई सावरली. पपईवर रिकामी, फुगून कडक झालेली ढेकणांची टरफले दिसली तर हे कीटक तेथे काम करीत आहेत असे समजावे व फवारणी करू नये.

प्रत्येक किडीवर असा इलाज नाही, हेही सांगितले पाहिजे. पेरूतील फळमाशीची अळी फळाच्या आत असते. ढालकिडा तेथे पोचत नाही. तिच्यासाठी सापळे लावावेत व गळालेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. खोड पोखरणारी अळी तारेनेच काढावी लागते.

पण पुढच्या वेळी झाडावर पांढरे पीठ दिसेल, तेव्हा पंप उचलण्यापूर्वी पाच मिनिटे थांबून पान उलटून पाहा. मुलांनाही अळी व ढेकूण यांतला फरक दाखवून ठेवा. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. त्या पिठात भराभर चालणारी एखादी झिरमिळ्यांची अळी दिसली, तर त्या झाडावर विष मारू नका. तिला तिचे काम करू द्या.