गिअरबॉक्स उघडून तर बघा!

गाडीतलं पुरुषांना कळतं आणि साडीतलं बायकांना, अशी वाटणी आपल्याकडे कुणी केली कोण जाणे! आज नागपुरात बायका गाडी चालवत नाहीत असा रस्ता सापडायचा नाही. मुलांना शाळेत सोडणं, सीताबर्डीच्या गर्दीतून वाट काढणं, रात्रीच्या विमानाचे पाहुणे आणायला वर्धा रोडने जाणं, सगळं बिनधास्त चालतं. पण गाडी कुरकुरली की मात्र "अहो, जरा बघता का?" आणि दुखणं गिअरबॉक्सचं असलं तर अहोंचेही हात वर! मग गॅरेजवाला म्हणेल ते प्रमाण.

नवी गाडी असेल तर वॉरंटी तरी असते. प्रश्न येतो तो जुन्या गाडीचा. धंतोली, रामदासपेठ, धरमपेठेतल्या जुन्या घरांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली एखादी प्रीमियर पद्मिनी अजून दिसते. मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात ती तयार व्हायची. १९६४ पासूनचं तिचं ‘डिलाइट’ हे नाव १९७० च्या दशकात बदलून ‘पद्मिनी’ झालं. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअरचा हँडल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून तर ती थेट ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली.

या गाड्या भंगारात जातात त्या बहुतेक वेळा इंजिनमुळे नाही. इंजिनचा मिस्त्री शोधला की सापडतो. गिअरबॉक्स अडला की मात्र "पार्ट मिळत नाही, आता कशाला खर्च करता?" हे वाक्य येतं आणि घरच्यांच्या आठवणींसकट गाडी किलोच्या भावाने जाते. म्हणूनच ही पेटी आतून कशी असते, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

पेटीत असतं तरी काय?

चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडीला जोर हवा असतो, अमरावती रोडला वेग. इंजिन मात्र एकच. त्याच्या फेऱ्या कमी-जास्त करून चाकांपर्यंत पोचवायच्या, एवढंच गिअरबॉक्सचं काम. पद्मिनीत पहिला गिअर टाकला की इंजिनच्या जवळजवळ चार फेऱ्यांमागे मागच्या शाफ्टची एक फेरी होते. वेग कमी, जोर जास्त. चौथ्या गिअरला दोन्ही सारख्याच फिरतात.

आत मुख्यतः तीन शाफ्ट असतात. क्लचकडून येणारा, त्याच्या रेषेत मागे जाणारा मुख्य शाफ्ट आणि या दोघांच्या खाली समांतर फिरणारा तिसरा. पुढे जाण्याच्या बहुतेक गिअरची दातेरी चाकं एकमेकांत कायमच अडकलेली असतात. आपण हँडल हलवतो तेव्हा चाकं सरकत नाहीत. एक बाही सरकते आणि हवं ते चाक शाफ्टला पक्कं धरते. त्या बाहीआधी सिंक्रो रिंग नावाची कडी चाकाला घासून दोघांचा वेग सारखा करते. चालत्या गाडीत चढणारा माणूस आधी चार पावलं तिच्याबरोबर धावतो ना, तसंच! जुन्या फियाटच्या पहिल्या गिअरला ही कडीच नव्हती. म्हणून तर जुने ड्रायव्हर सांगायचे, "गाडी पूर्ण थांबव, मग पहिला टाक."

आणि मैत्रिणींनो, गिअरच्या इतिहासात एक बाई अगदी सुरुवातीलाच आहे, हे माहीत आहे का? ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार आणि दोन मुलं घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या माहेरी निघाली. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तर चांभाराकडून चामडं लावून घेतलं. चढावर मात्र गाडीला ढकलावं लागलं. परतल्यावर तिने कार्ल बेंझला सांगितलं, चढासाठी अजून एक गिअर हवा. आणि तो आला! चढणीचा गिअर बाईने मागून घेतला, तर तो दुरुस्त करायला बाईने का बिचकावं?

आधी कान लावा

आमच्याकडे सासऱ्यांची १९८४ ची पद्मिनी आहे. दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज यायचा, तिसरा सुटायचा. एका गॅरेजमध्ये निदान झालं, "वहिनी, पूर्ण गिअरबॉक्स गेला. देऊन टाका." भंगारवाल्याने भावही सांगितला. सासरे काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवले नाहीत. शेवटी ओळखीतल्या एका वयस्क मिस्त्रीकाकांना घरी बोलावलं. ते म्हणाले, "पयले आयका बाई, मंग खोला."

हे ऐकणंच अर्धी दुरुस्ती आहे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते? मग संशय पुढच्या किंवा खालच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. तीन गिअरमध्ये आवाज, पण चौथ्यात शांत? तरीही तीच शंका, कारण चौथ्यात जोर सरळ पुढून मागे जातो, खालच्या शाफ्टवर भार येत नाही. एकाच गिअरला खर्र होत असेल तर त्याची सिंक्रो रिंग झिजली असावी. गिअर आपोआप सुटत असेल तर त्याला जागी धरणारी गोळी-स्प्रिंग, फोर्क किंवा दाते बघायचे. आणि सगळेच गिअर कठीण जात असतील तर पेटी उघडूच नका! आधी क्लच पूर्ण सुटतो का ते बघा आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून खाली जाणाऱ्या सळ्यांचे बुश तपासा. स्टिअरिंगवरच्या गिअरमध्ये हे बुश झिजणं नेहमीचंच.

डिसेंबरातले चार रविवार

नागपूरच्या मे महिन्यात हे काम काढायचं म्हणजे स्वतःलाच भाजून घेणं. आम्ही डिसेंबर निवडला. गाडी जॅकने उचलून घोड्यांवर टेकवली, तेल काढलं, मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवला आणि पेटी खालून उतरवली. काका, त्यांचा पुतण्या, माझा मुलगा आणि मी, असे चौघं होतो. हे ओझं एकट्याने पेलायचं नाही.

काढलेलं तेलही बोलतं बरं का! तळाच्या बोल्टला काजळासारखा बारीक चुरा चिकटला असेल तर ती वयाची झीज. चमकदार तुकडे निघाले तर मात्र दात तुटलाय.

पुढचं काम शिस्तीचं. संत्र्याच्या रिकाम्या पेटीत जुनी चादर अंथरली. निघेल तो भाग त्याच क्रमाने, त्याच तोंडाने मांडायचा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. सासरे पोर्चमध्ये खुर्ची टाकून वही घेऊन बसले आणि एकेका भागाचं नाव लिहू लागले. वॉशर, सर्क्लिप, फोर्क, काही सुटलं नाही. गोळ्या-स्प्रिंगा काढताना काकांनी वर फडकं धरायला लावलं, नाहीतर त्या उडतात आणि मग सगळ्यांनी अंगण शोधायचं!

धुऊन पुसून बघितलं तेव्हा गेलेलं काय होतं? खालच्या शाफ्टचं एक बेअरिंग, दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग, तिसऱ्याची स्प्रिंग, दोन ऑइल सील आणि पॅकिंग. बस! दात सगळे शाबूत होते. रिंग तपासायची पद्धत सोपी आहे. ती चाकाच्या निमुळत्या भागावर दाबून बसवायची. मधे फट राहिली तर ठीक, चाकाला जाऊन टेकली तर झिजली.

बेअरिंगच्या बाबतीत एक गोष्ट मला फारच आवडली. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो आणि बरीचशी मापं जगभर एकच असतात. उदाहरणार्थ ६२०५ म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं! म्हणजे ‘पद्मिनीचं बेअरिंग’ मागायची गरजच नाही, नंबर सांगून ते बेअरिंगच्या दुकानात मागता येतं. सीलचंही तसंच, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. पॅकिंग तर शीटमधून कातरीने कापता येतं. खरी शोधाशोध लागली ती फक्त सिंक्रो रिंगसाठी. ती काकांनी एका मोडीत निघालेल्या पेटीतून मिळवून दिली.

जोडताना उलटा क्रम. बारीक रोलर ग्रीसने चिकटवून बसवायचे म्हणजे पडत नाहीत. झाकण लावण्याआधी प्रत्येक गिअर हाताने टाकून शाफ्ट फिरवून बघायचा. चौथ्या रविवारी दुपारी गाडी फाटकाबाहेर निघाली. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. शेजारच्या सीटवर सासरे होते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "रामटेकला जाऊन यू?"

पैसे घालण्याआधी

मात्र भावनेच्या भरात खर्च करू नका. १५ वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. कागद आधी तपासा. गाडी ५० वर्षांची झाली असेल आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हे काम हाताने केलेली माणसं आता थकत चालली आहेत. त्यांचं शहाणपण कुठल्याच पुस्तकात नाही. तुमच्या ओळखीत असा मिस्त्री असेल तर त्याला चहाला बोलवा, शेजारी बसा, विचारा, वहीत लिहून घ्या. पार्ट एक वेळ नागपुरात नाही तर मुंबईत मिळेल. त्या माणसाचा कान आणि हात कुठल्याच दुकानात मिळायचे नाहीत!

लक्षात ठेवा

• नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. घोड्या हव्यातच, आणि चाकांना ठोकळे लावा.
• सुरुवातीला बॅटरीची तार काढा. केस बांधा, ओढणी-पदर खोचा, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा.
• रॉकेल-डिझेलने भाग धुताना जवळपास गॅस, उदबत्ती काही नको. मुलांना दूर ठेवा.
• गिअर ऑइल कंपनीच्या पुस्तकात दिलेलंच घाला. काही तेलं पितळी भागांना खातात.
• काढलेलं तेल नालीत ओतू नका. डब्यात साठवून जुनं तेल घेणाऱ्याला द्या.